कोनशिलेवर नाव सगळ्यांना हवं, लाईटबिलावर कुणालाच नको

आमच्या मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) व्हॉट्सअप ग्रुपवर गेले काही महिने गुड मॉर्निंगचे फोटो सोडले तर एकच विषय चाललाय, पार्टनरशिप. झालंय असं की अमेरिकेतल्या एका मंडळीनं (नाव मुद्दाम लिहीत नाही, अजून काहीच फायनल नाहीये) आमच्या पाळकसाहेबांना विचारलंय की तुमच्या जिल्ह्यात एखाद्या खेड्यात मंडळी वाढत असेल आणि लोक कुणाच्या पडवीत नाहीतर लिंबाखाली बसून उपासना करत असतील तर आम्ही तिथं प्रार्थनामंदिर बांधून देऊ का. सोबत फोटो पण पाठवलेत. लोखंडी सांगाडा, वर पत्रा, बाजूच्या भिंती गावकऱ्यांनी नंतर आपापल्या घालायच्या, आफ्रिकेतल्या कुठल्याशा गावातलं मंदिर आहे आणि समोर शंभरेक माणसं हसत उभी आहेत. फोटो बघून तरुण संघवाले एकदम खूष, त्यांनी तर कोनशिलेवर कुणाकुणाची नावं घालायची इथपर्यंत चर्चा नेली. मग महिला संघातल्या एक मावशी, ज्यांना आमची अख्खी कमिटी टरकून असते, त्यांनी एकच ओळ टाकली, "पत्रा उडाला की फोन कुणाला लावायचा ते पण विचारून ठेवा की ओ."

त्यावर ग्रुपवर अर्धा दिवस सामसूम.

मला वाटतं मावशींनी नेमकं बोट ठेवलं. परदेशी पैसा घ्यावा का घेऊ नये ह्यावर आपल्याकडे लोक तावातावानं भांडतात, एका बाजूला "फुकट मिळतंय तर सोडायचं का" वाले आणि दुसऱ्या बाजूला "गोऱ्यांचा पैसा नकोच" वाले, आणि दोघंही त्या पत्र्याबद्दल काही बोलत नाहीत. बांधकामाला पैसे देणारा मिळतो. बांधलेलं सांभाळायला देणारा मिळत नाही. गेल्या दीडशे वर्षात हे काही बदललेलं मला दिसत नाही.

आता आधी एक मान्य करू, आपण सोलापूरकर ख्रिस्ती लोक स्वतःच कुणाच्या तरी ओव्हरसीज प्रोजेक्टची लेकरं आहोत. १८१० साली मॅसॅच्युसेट्समध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था स्थापन झाली, त्यांचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले, ईस्ट इंडिया कंपनी त्यांना परत पाठवायच्या मागे लागली होती तरी चिकटून राहिले. १८३१ ला नगरला ठाणं झालं आणि तिथून सरकत सरकत १८६० च्या दशकात त्यांचं मराठी मिशन सोलापुरात आलं, म्हणजे आपल्या जुन्या मिलचा भोंगा वाजायच्या पण आधी. आपल्याकडे वोरोनोको शाळा कुठाय म्हणून रिक्षावाल्याला विचारलं तर तो डोळे झाकून सोडतो, पण वोरोनोको हे मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्याशा वस्तीचं नाव आहे हे त्या शाळेत शिकलेल्या माझ्या आत्यालासुद्धा परवा माझ्याकडून कळलं.

आणि हे पैसे देणारे कोण होते हे बघितलं तर गंमत वाटते. सगळे काही लखपती नव्हते. ह्याच बोर्डानं १८५६ साली पॅसिफिकमधल्या मायक्रोनेशियाच्या बेटांसाठी मॉर्निंग स्टार नावाचं जहाज बांधलं, त्याचे पैसे संडे स्कूलच्या पोरांनी दिले, दहा सेंटला एक शेअर, आणि शेअर घेतला की पोराला छापील सर्टिफिकेट. आपल्याला शाळेत ध्वजनिधीची तिकिटं खपवायला लावायचे तसंच, फक्त इथं पोरगं घरी जाऊन सांगू शकायचं की जहाजाची एक फळी माझी आहे. फंडरेझिंगवाल्यांना आजही ह्याच्यापेक्षा भारी काही सुचलेलं नाही. पंडिता रमाबाईंचं पण तसंच, १८८७ च्या शेवटी बोस्टनला रमाबाई असोसिएशन झालं आणि गावोगावच्या रमाबाई सर्कलमधल्या बायकांनी वर्षाला निदान एक डॉलर असं दहा वर्षं देऊ म्हणून शब्द दिला, त्यातून १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा सुरू झाली. पुढं मुक्ती मिशन उभं राहिलं ते केडगावला, आपल्याच पुणे लाईनवर, दौंड सोडलं की गाडी तिथूनच जाते.

ह्यात "दहा वर्षं" हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या बायकांनी बिल्डिंग देऊ असं म्हटलं नव्हतं, दहा वर्षं चालवायला मदत करू म्हटलं होतं. पगार, धान्य, भाडं, सगळं आलं त्यात. असा शब्द देणारे तेव्हाही कमीच होते.

दुष्काळाचं तर वेगळंच. १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ, सोलापूर जिल्हा तर होरपळून निघाला, मिशनच्या आवारात अनाथ पोरांची रीघ लागली. १९०० साली न्यूयॉर्कहून क्विटो नावाचं जहाज मका भरून मुंबईला आलं, एका ख्रिस्ती साप्ताहिकाच्या वाचकांनी जमवलेल्या पैशावर. ज्वारीच्या मुलखात मका! पण भुकेल्याला कसलं काय. त्या पोरांसाठी वसतिगृहं, शाळा, वर्कशॉप असं सगळं उभं राहिलं आणि तिथूनच आपल्यातल्या कितीतरी घराण्यांची सुरुवात झाली. माझ्या आजोबांच्या वडिलांचे आईवडील कोण होते हे आमच्याकडे कुणालाच माहीत नाही, त्याचं कारण हेच.

तर बांधलं त्यांनी उत्तम. घडीव दगड, जाड भिंती, उंच छत, दोन्ही बाजूला व्हरांडा, खाली शहाबादी फरशी. मे महिन्यात बाहेर ४३ असताना आत बसलं तर जीव थोडा थंड होतो. पण वर कौलं. आणि कौलं म्हणजे दर वर्षी मृगाच्या आधी शाकारणी आलीच, आणि शाकारणारा माणूस आता सोलापुरात हुडकून सापडत नाही. मिशन होतं तोवर त्यांचा एक ओव्हरसियर असायचा, वर्षाचं बजेट असायचं, चुना-डागडुजी वेळच्या वेळी व्हायची. १९३० च्या मंदीत तिकडं अमेरिकेतलीच वर्गणी आटली, इकडं कात्री लागली, मग स्वातंत्र्य आलं, मिशनरी एकेक करून गेले, २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि ह्या सगळ्या इमारती सांभाळायचं काम आलं मिल कामगार, मास्तर, नर्स आणि पेन्शनरांच्या अंगावर. मिशन गेलं, कौलं राहिली.

आमच्याकडं छताचं काम निघालं तेव्हा पैसे कसे उभे केले ते सांगतो, कारण ते मला परदेशी प्रोजेक्टपेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटतं. कापणीच्या सणाला लिलाव असतो हे आपल्यातल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी म्हणून, लोक शेतातलं, परसातलं, नाहीतर सरळ मार्केट यार्डातून विकत आणलेलं काहीबाही अर्पण करतात आणि उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव. त्या वर्षी गवारीची एक जुडी पाचशेला गेली. शेंगा चटणीची बरणी तर तीन वेळा विकली गेली, कारण घेणारा पैसे भरायचा आणि "परत लावा" म्हणायचा. एका रिटायर्ड रेल्वेवाल्या काकांनी कोंबडीवरून आपल्याच व्याह्याशी अशी चढाओढ लावली की शेवटी दोघांच्या बायकांनी मध्ये पडून ती कोंबडी निम्मी निम्मी केली, म्हणजे पैसे निम्मे निम्मे, कोंबडी पाळकसाहेबांच्या घरी. तरीही छताला कमीच पडले, मग लग्नाचा हॉल म्हणून आवार भाड्यानं द्यायला लागलो, त्यावरून अजून वाद चालू आहेत, तो विषय नको.

म्हणून मला हसू येतं जेव्हा लोक म्हणतात मंडळीनं स्वावलंबी व्हावं ही काहीतरी नवीन कल्पना आहे. अमेरिकन बोर्डाचेच सेक्रेटरी रूफस अँडरसन, आणि इंग्लंडमधल्या मिशन संस्थेचे हेन्री व्हेन, दोघांनी १९ व्या शतकाच्या मध्यालाच सांगून ठेवलंय की मंडळीनं स्वतःचा कारभार स्वतः करावा, खर्च स्वतः भागवावा आणि प्रसार स्वतः करावा. अँडरसन तर १८५४-५५ ला स्वतः इकडं येऊन मराठी मिशनची तपासणी करून गेले, इंग्रजी शाळांवरचा खर्च कापा आणि देशी पाळक नेमा म्हणून मागे लागले. आणि ना. वा. टिळक, ज्यांची भजनं आपण दर रविवारी पेटी-तबल्यावर म्हणतो, त्यांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा सुरू केला. टिळकांना गोऱ्यांचा राग होता असं नाही, नगरच्या मिशनऱ्यांशी त्यांचं जिवाभावाचं होतं, पण पगार तिकडून येतो तोवर माणूस आपल्या मनानं वागू शकत नाही हे त्यांना कळलं होतं. आमच्या कमिटीत हे नुसतं उच्चारलं तरी दोघंतिघं चुळबुळ करतात.

बरं आता कायद्याचं, कारण निम्मे लोक समजतात की तिकडून पैसे "गुगल पे" केले की झालं. एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, पहिला १९७६ चा, नवा २०१० चा, आणि २०२० च्या सप्टेंबरात त्यात मोठी दुरुस्ती झाली. आता परदेशी पैसा घ्यायचा तर संस्थेचं केंद्राच्या गृहखात्याकडे रजिस्ट्रेशन पाहिजे, ते पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं, आणि पैसा पहिल्यांदा उतरणार तो दिल्लीत स्टेट बँकेच्या मेन ब्रँचमधल्या खात्यातच, मग तुम्ही सोलापुरात असा नाहीतर अक्कलकोटात. आमच्या ट्रस्टचं रजिस्ट्रेशन नाहीये. मग एकजण म्हणाला डायोसिसकडं (आमच्या वरची, बिशपची संस्था) असेल की, त्यांच्या खात्यात घेऊ आणि आपल्याकडे वळवू. तर ते २०२० पासून बंद आहे, ज्या संस्थेनं पैसा घेतला तिनंच तो खर्च करायचा, दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही. राहिला एकच रस्ता, पूर्वपरवानगी, म्हणजे अमुक दात्याकडून अमुक रक्कम अमुक कामासाठी, असं एकदाचं मंजूर करून घ्यायचं, दात्याचं पत्र आणि कामाचा पूर्ण आराखडा जोडून. वेळ लागणार.

ह्यातली सगळ्यात भारी गोष्ट आमच्याच मंडळीतल्या दोन बहिणींची. दोघी नर्स, दोघी मिरजेला शिकल्या. थोरली दुबईत, धाकटी इंग्लंडात. दोघींनी ग्रुपवर कळवलं की गावच्या मंदिराला आमच्याकडून पन्नास पन्नास हजार. खजिनदार काकांनी थोरलीचे घेतले आणि धाकटीचे नम्रपणे परत केले. कारण थोरलीचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, तिची स्वतःची कमाई ही परदेशी देणगी धरत नाहीत, पण धाकटीनं ब्रिटिश नागरिकत्व घेतलंय, मग ती आपल्याच मांडवात बाप्तिस्मा झालेली का असेना, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळतं ते) का असेना, कायद्याला ती परदेशी. रुपयात दिले तरी परदेशीच. धाकटी जाम रुसली. तिच्या आईनं खजिनदारांना जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण काकांचं बरोबर होतं, आणि असा माणूस खजिनदार असणं ही पार्टनरशिपमधली पहिली गरज आहे असं माझं मत झालंय.

आता गंमत बघा, परदेशी पैशातून प्रशासकीय खर्च किती करता येतो ह्याला पूर्वी ५० टक्क्यांची मर्यादा होती, ती २०२० ला २० टक्के केली. आणि प्रशासकीय खर्चात काय काय येतं तर लाईट, पाणी, टेलिफोन, संस्था जिथून चालते त्या जागेची दुरुस्ती. म्हणजे मावशींचा पत्रा. देणाऱ्याला तर दुरुस्तीला द्यायचंच नसतं, पण एखाद्यानं मन मोठं करून दिलंच तरी त्याला कायद्यानं लगाम आहे. त्यामुळं परदेशी पैशानं भिंत उभी राहील एकवेळ, ती उभी ठेवायचा पैसा इथूनच आला पाहिजे, दुसरा इलाज नाही. हे मी कमिटीत सांगितलं तर एक भाऊ म्हणाले "मग तू विरोधात आहेस". अहो विरोधात नाही, हिशोब सांगतोय.

अमेरिकेच्या मंडळीच्या पत्रात अजून एक होतं, की बांधकामाच्या वेळी त्यांची पंधरा-वीस माणसांची टीम येईल आणि गावकऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करेल, जूनच्या सुरुवातीला, कारण तेव्हा त्यांच्या पोरांना सुट्ट्या लागतात. मोहोळ साईडला जूनच्या सुरुवातीला, वळीव नाही पडला तर, दगड तापून पाय भाजतात. तिथं ही माणसं पाट्या उचलणार. आणि गावात सेंट्रिंगवाला आहे, गवंडी आहे, बिगारी आहेत, त्यांना त्या दिवसात काम नसतं. १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये घरं बांधायला उत्तर अमेरिकेतून अशाच टीमा गेल्या होत्या, त्याचा अभ्यास कॅल्विन कॉलेजच्या कर्ट व्हर बीक नावाच्या प्राध्यापकांनी केला, विमानाची तिकिटं वगैरे धरली तर टीमनं बांधलेलं घर जवळपास ३०,००० डॉलरला पडलं आणि तसलंच घर तिथल्या स्थानिक ख्रिस्ती संस्थेला २,००० डॉलरमध्ये जमत होतं. सगळे पैसे तसे वळवता आले नसते हे खरं, कारण माणूस स्वतः जायला मिळतंय म्हणून पैसे काढतो. पण आकडा बघून चक्कर येते. मी हे ग्रुपवर टाकल्यावर तरुण संघाच्या सेक्रेटरीनं विचारलं, "मग ती लोकं येणारच नाहीत का?" त्याला त्यांच्याबरोबर सेल्फी पाहिजे होता, त्याचंही काही चुकत नाही, वय आहे.

ज्या गावात मंदिर बांधायचं चाललंय तिथं गेलो होतो आम्ही. पंचवीसेक घरं, बरीचशी ऊसतोडीला जाणारी, म्हणजे दिवाळीनंतर चार-पाच महिने निम्मं गाव कारखान्यावर. हे त्या फोटोवाल्या डिझाईनमध्ये कुठं नाही. मंदिर बांधलं तर त्या महिन्यात ते झाडणार कोण, कुलूप कुणाकडं? जागा एका म्हाताऱ्या भावानं देऊ केलीय, गावठाणातली आहे हे बरं, नाहीतर तुकडेबंदी आणि बिगरशेतीच्या फेऱ्यात आमची हाडं गेली असती. पण कागदावर ती अजून त्याच्याच नावावर आणि त्याला चार पोरं, त्यातली दोन मंडळीत येत नाहीत. रजिस्टर बक्षीसपत्र होऊन ट्रस्टच्या नावावर चढलं पाहिजे आणि मग नव्वद दिवसाच्या आत धर्मादाय ऑफिसात चेंज रिपोर्ट, म्हणजे ट्रस्टच्या मालमत्तेत बदल झाल्याची नोंद. हे व्हायच्या आधी एक वीट जरी ठेवली तरी उद्या कोर्टात उभं राहायची तयारी ठेवा. जुन्या मिशनच्या जागांवरून महाराष्ट्रभर जे खटले चाललेत ते बघितले तरी झोप उडते.

आणि तिथल्या बायकांना विचारलं तुम्हाला काय पाहिजे, तर त्या एकमेकीकडं बघत राहिल्या. मग एक म्हणाली, संडास. मंदिर पाहिजेच, पण रविवारी लेकराबाळांना घेऊन आल्यावर जायचं कुठं. दुसरी म्हणाली, पाण्याची टाकी. क्रॉस केवढा असावा, घंटा पाहिजे का, ह्यावर आमच्या कमिटीत दोन मिटिंगा झाल्यात आणि तिथं तो विषयच कुणी काढला नाही.

ह्या सगळ्यात तरुण संघातल्याच एका पोरीनं वेगळाच मुद्दा काढला, म्हणाली आपण नेहमी घेणारेच का? तिच्या डोक्यात नेपाळ होतं. आमच्याकडं सात रस्त्याच्या पुढं चायनीजच्या गाडीवर काम करणारा एक नेपाळी भाऊ उपासनेला येतो, मागं बसतो, मराठी गाणी आता तोंडपाठ झालीत त्याची. नेपाळात सुट्टी शनिवारी असते म्हणून मंडळ्या पण शनिवारीच भरतात, आणि २५ एप्रिल २०१५ चा भूकंप आला तो शनिवारी, दुपारी बाराच्या चार मिनिटं आधी. लोक उपासनेत बसलेले. कितीतरी ठिकाणी भिंती आणि स्लॅब अंगावर आले. त्याच्या गावची मंडळी अजून पत्र्याच्या शेडमध्ये बसते म्हणे, आणि त्यांना आता कुणी काही बांधून देतो म्हटलं तर पहिला प्रश्न विचारतात की कॉलममध्ये सळई किती एमएमची. मला तर वाटतं त्या पोरांना आमच्या कमिटीवर घ्यावं.

तर पोरगी म्हणाली, त्यांच्या बांधकामाला आपण मदत करू. लगेच एकानं तोंड वाकडं केलं, आपलंच गळतंय आणि नेपाळला कुठं. तेव्हा खजिनदार काका, जे एरवी पैसे बाहेर जायचं नाव काढलं की रजिस्टर मिटतात, ते म्हणाले, "कोटणीस डॉक्टर कुठले होते? सोलापूरचेच ना? १९३८ ला चीनला गेले तेव्हा सोलापुरात सगळ्यांना औषधं मिळत होती काय?" आता कोटणीस काही मिशनरी नव्हते, काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी एक, लोकवर्गणीतून गेलेलं ते पथक, आणि १९४२ च्या डिसेंबरात ते तिकडंच वारले. पण मुद्दा पोचला. सगळं आपलं आटपल्यावर दुसऱ्याला द्यायचं म्हटलं तर कधीच होत नाही.

मिझोरामच्या मंडळीचं उदाहरण तर मी सारखं देतो, आता लोक वैतागलेत. तिथं १९१० पासून बायका प्रत्येक स्वैपाकाच्या वेळी तांदळातली एक मूठ बाजूला काढतात, ती गोळा होते, विकली जाते, आणि त्या पैशातून मिशनचं काम चालतं. आपल्या रयत शिक्षण संस्थेच्या मुष्टिफंडासारखंच झालं हे. एवढ्याशा राज्यातली मंडळी त्यावर देशभर माणसं पाठवते आणि ज्या वेल्समधून १९ व्या शतकाच्या शेवटी त्यांच्याकडं मिशनरी आले त्याच वेल्सलासुद्धा त्यांनी आता आपले मिशनरी पाठवलेत. मावशींना हे लगेच पटलं. तांदूळ नाही, आपल्याकडं ज्वारी, पण मूठ तीच. महिला संघानं डबे वाटलेत. अडचण एकच, निम्म्या घरात आता दळलेलं पीठच येतं, त्यामुळं काही डब्यात पीठ जमतंय आणि त्यात सोंडे होतायत. रोख घ्यायचं का धान्यच घ्यायचं ह्यावर वाद सुरू आहे, मावशी म्हणतात धान्यच, रोख घेतलं तर ती नुसती वर्गणी होते.

नेपाळला पैसे मंडळीच्या ट्रस्टमधून पाठवणं मात्र अवघड आहे, धर्मादाय ट्रस्टनं भारताबाहेर खर्च केला तर त्यावरची आयकराची सूट जाते, त्यासाठी दिल्लीहून खास मंजुरी लागते. म्हणून काकांनी सांगितलंय ज्याला द्यायचंय त्यानं आपापल्या खात्यातून, आपल्या नावानं द्यावं, ट्रस्टचं पावतीबुक मध्ये आणू नये.

असो. अमेरिकेच्या मंडळीला उत्तर गेलंय. पाळकसाहेबांनी सभ्य भाषेत लिहिलं, मी आणि काकांनी मिळून त्यातला सभ्यपणा थोडा कमी केला. लिहिलंय की बांधकाम आत्ता नको, आधी जागेचा कागद होऊ दे आणि गृहखात्याची पूर्वपरवानगी येऊ दे. तोवर गावानं स्वतःच्या पैशानं संडास आणि टाकी करावी, आम्ही निम्मे घालू. मंदिराचा खर्च तीन हिश्शात, त्यातला एक गावाचा, मग तो पैशात असो, मुरमात असो नाहीतर अंगमेहनतीत. पत्र्याऐवजी स्लॅब, कारण पत्र्याखाली आमच्याकडं एप्रिलपासून कुणी बसू शकत नाही. आणि दुरुस्तीसाठी गावाच्या नावावर दर महिन्याला काहीतरी ठेव पडली पाहिजे, ती पडतेय हे एक वर्ष बघू आणि मगच पाया खणू. कोनशिला नको असंही मी घातलं होतं, ते पाळकसाहेबांनी खोडलं, म्हणाले माणसाला एवढं तरी राहू दे.

त्यांचं उत्तर माझ्या अपेक्षेपेक्षा बरं आलं. टीम रद्द, फक्त दोघं येतील, नुसतं बघायला, जानेवारीत. गड्ड्याची यात्रा असते तेव्हा, हवा पण बरी असते आणि कडक भाकरी-शेंगा चटणी सोसायला पोटाला थंडी मदत करते. टुरिस्ट व्हिसावर येणार, त्यामुळं मंडळीत येऊन बसायला हरकत नाही पण उपदेश करता येत नाही, त्याला मिशनरी व्हिसा वेगळा असतो. त्यांच्या पाळकांना हे दोनदा समजावून सांगायला लागलं, त्यांनी बहुतेक उपदेश तयारच करून ठेवला होता. मावशींनी त्याचं मराठीत बरोबर भाषांतर केलं, या, बसा, जेवा, पुलपिटवर चढायचं नाही.